उभी शेती, आडवा माणूस

गच्चीवर माशांची टाकी, तिच्या वर उभ्या पाइपांमध्ये पालक. मासे पाण्यात घाण करणार, ती घाण झाडं खाणार, झाडांनी गाळलेलं पाणी परत माशांकडे जाणार आणि आपण शेजारी खुर्ची टाकून चहा पिणार. ॲक्वापोनिक्सचं हे चक्र कागदावर इतकं गोंडस दिसतं की त्यात आपलं काम कुठे आहे तेच कळत नाही. व्हिडिओतही कळत नाही. तिथला गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून पाइपातून लेट्यूस उपटतो आणि हसतो. पंपाची जाळी तुंबल्यावर तोच गृहस्थ कोपरापर्यंत हात गाळात घालून काय बोलतो, ते कोणी चित्रित करत नाही.

मला या प्रकाराचं वेड आहे. म्हणूनच कोणी ‘त्यात काय, चार पाइप आणि एक पंप!’ म्हणालं की पोटात गोळा येतो. पाइप गरीब असतात. पंपही बिचारा सांगितलं तेवढं करतो. भानगड सगळी पाण्याची. पाण्याला खाली जायचं असतं, आपल्याला ते वर न्यायचं असतं. त्याला फट दिसली की बाहेर पडायचं असतं, आपल्याला ते आत कोंडायचं असतं. मासे, भाजी वगैरे मंडळी या भांडणातले निव्वळ साक्षीदार.

सुरुवात वजनापासून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळकरी पोरालाही येतं आणि गच्चीवर टाकी चढवणाऱ्या कर्त्या माणसाला हमखास आठवत नाही. ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन. शेजारी खडीचा वाफा हवाच, कारण माशांची घाण झाडांच्या कामाची करणारे बॅक्टेरिया खडीवरच राहतात. २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरला की दोन वाफे होतात. एकेका वाफ्यात सुमारे १०० लिटर खडी बसते, तिचं वजन दीडशे किलो, आणि खडीच्या फटींत मावणारं ४० लिटर पाणी वेगळं. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक (आयएस ८७५, भाग २) दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतं. ५०० लिटरच्या टाकीचा तळ जेमतेम पाऊण चौरस मीटर. भागाकार तुम्हीच करा. करून झाला की इमारतीचा नकाशा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. तो टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू देणार नाही. बीम आणि कॉलम कुठे मिळतात ते दाखवील, बहुधा दोन बीमांवर टेकणारे लोखंडी चॅनेल टाकायला लावील, आणि जुनी इमारत असेल तर सरळ नाही म्हणेल. त्याचं ऐकावं. ज्यांच्याकडे तळमजला आणि अंगण आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा आणि आमच्या मत्सराचा स्वीकार करावा. फक्त बाल्कनी असलेल्यांनी शंभर लिटरचा टब आणि दोन पाइप यांवर समाधान मानावं.

इंजिनिअर परवडला, पण सोसायटीचे सेक्रेटरी असतात. तो संवाद ठरलेला आहे.

‘हे काय चाललंय?’

‘बाग करतोय.’

‘बागेला एवढा मोठा पिंप?’

‘त्यात मासे आहेत.’

‘मासे? खायचे?’

‘नाही हो, खताचे.’

या उत्तरावर सेक्रेटरी थोडा वेळ गप्प होतात. तेवढ्यात गळती होणार नाही, वास येणार नाही आणि डास होणार नाहीत, ही तीन वचनं देऊन मोकळं व्हावं. पहिलं पाळायला सगळ्यात अवघड.

आता उभा पाइप. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘व्हर्टिकल प्लँटरसाठी’ वगैरे बोलू नये. ‘ड्रेनेजचा चार इंची, ११० एमएम’ एवढंच म्हणावं. ‘संडासाची लाइन का?’ असं दुकानदार विचारतो. हो म्हणावं. पालकाचं नाव काढलंत तर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग पोऱ्याला हाक मारतो, मग दोघं मिळून बघतात. दहा फुटी पाइपाचे दोन तुकडे केले की पाच-पाच फुटांचे दोन मनोरे होतात. जाडीत कंजूषी नको. पातळ पाइप तापवला की लोळण घेतो, आणि पांढऱ्या पातळ पाइपातून उजेड आत शिरून शेवाळ माजतं ते निराळंच.

पाइपाचा घेर साडेचौतीस सेंटिमीटर. त्याच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी, म्हणजे अकरा सेंटिमीटरची आडवी चीर हॅक्सॉने पाडायची. खालून वीस सेंटिमीटर सोडून सुरुवात, मग त्याच बाजूला दर वीस सेंटिमीटरला एक. एका बाजूला सहा, तीन बाजूंना मिळून अठरा. मात्र तिन्ही बाजूंच्या चिरा एका पातळीवर घ्यायच्या नाहीत, सहा-सात सेंटिमीटरचा वर-खाली फरक ठेवायचा. एका पातळीवर घेतल्या तर पाइप तिथेच मान टाकतो. मग चिरेच्या वर-खाली चार बोटं भाग हॉट एअर गनने सगळीकडून सारखा तापवायचा. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. ते पापडासारखं लवचिक झालं की चिरेत काचेची बाटली तिरकी खुपसून खालचा ओठ बाहेर काढायचा आणि ओल्या फडक्याने थंड होईपर्यंत तसाच धरायचा. बाटली कसली असावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. हे काम गॅसच्या शेगडीवर करू नये. पाइप काळा पडतो आणि जळत्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावं. पहिले दोन खिसे वेडेवाकडे होतातच. ती बाजू भिंतीकडे करायची.

उभ्या बागेचे बाकीचे प्रकार थोडक्यात उरकतो. कोल्ड्रिंकच्या बाटल्या एकाखाली एक टांगण्याचा प्रकार शाळेच्या प्रदर्शनापुरता बरा. एप्रिलमध्ये मूठभर माती दुपारच्या आत सुकते. कापडी खिशांचा पडदा भिंतीला ओल आणतो. लाकडी पॅलेट उभी करून लावायची असेल तर तिच्यावरचा शिक्का बघावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेली, ती चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड मारलेली. तिच्यात खायची भाजी लावू नये.

चार इंची पाइपात माती भरणारेही असतात. पाच फुटांच्या पाइपात तेरा लिटर माल बसतो. काळी माती भरली तर पाणी वर तुंबतं आणि खाली पोचतच नाही, म्हणून कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. मधोमध पाऊण इंची नळी उभी करून तिला तीन एमएमची भोकं पाडतात, आणि नव्वद टक्के लोक ती वरपासून खालपर्यंत सारखी पाडतात. पाण्याचा स्वभाव लक्षात घ्या: ते थेट तळाला जातं आणि तिथेच बाहेर पडतं. वरच्या अर्ध्यात भोकं दाट, खालच्या अर्ध्यात विरळ, तळाशी एकही नको. एवढं करूनही वर कोरडं आणि खाली चिखल राहतोच. तेव्हा वर ओवा आणि तुळस, खाली पुदिना आणि अळू लावून निसर्गाशी तह करावा.

माशांच्या पाण्यावर चालणाऱ्या मनोऱ्यात मात्र माती नसते. पंप टाकीतलं पाणी अर्धा इंची नळीने वर नेतो, वरच्या भोकाभोकांच्या झाकणातून (एंड कॅप) ते आत पडतं आणि मुळांना भिजवत टाकीत परततं. इथे नवखा माणूस पंपाच्या डब्यावर ‘हेड २ मीटर’ वाचतो, मनोरा मोजतो आणि खूश होतो. दोन मीटर हा त्या पंपाचा शेवटचा श्वास असतो. तेवढ्या उंचीवर तो पाणी नुसतं धरून ठेवतो, देत नाही. दोन फुटी टाकी आणि तिच्यावर पाच फुटी मनोरा, म्हणजे टाकीच्या तळापासून साधारण दोन मीटर उचल झाली. (उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतात, पंपापासून नाही; पण टाकीतली पातळी उतरते तेव्हा उचल वाढते, म्हणून तळापासूनच धरलेली बरी.) यासाठी साडेतीन मीटर हेडचा पंप घ्यावा. प्रत्येक मनोऱ्याला मिनिटाला एक ते दोन लिटर पुरतं. चार मनोरे आणि दोन वाफे यांना मिळून दोन मीटरवर ताशी आठ-नऊशे लिटर हवेत; त्यासाठी डब्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेला पंप लागतो. असा पंप साधारण ५० वॅटचा. चोवीस तास चालला तर रोज १.२ युनिट, महिन्याला छत्तीस. हा आकडा घरी आधीच सांगून ठेवावा, बिल आल्यावर नाही.

पाणी वर पोचलं म्हणजे सगळीकडे पडलं असं नाही. पाइप केसभर कलला तरी पाणी एकाच भिंतीला चिकटून खाली येतं. मग एका बाजूची सहा झाडं तरारलेली, दुसऱ्या बाजूची सहा वाळलेली, आणि मालक बियाणांच्या दुकानदाराला शिव्या घालतोय. ओळंबा लावून पाइप सरळ करावा आणि आत वरपासून खालपर्यंत हिरव्या शेडनेटची गुंडाळलेली पट्टी सोडावी. पाणी तिच्यावरून पसरत उतरतं. खिशात दोन इंची जाळीचं भांडं, त्यात भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा काथ्या. कोकोपीट नको. त्याचा भुसा वाहत टाकीत जातो आणि रात्री दोनच्या सुमारास पंपाच्या तोंडात जाऊन बसतो. दोनच का, ते मला विचारू नका. पंप दिवसाढवळ्या तुंबल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

खडीच्या वाफ्याची खडी पाऊण इंची, काळी. दख्खनचा बसाल्ट या बाबतीत सद्गुणी आहे. तो पाण्यात काही सोडत नाही. किनाऱ्याकडच्या रेती-खडीत शिंपल्यांचे तुकडे असतात, तो चुना पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; सात म्हणजे मधलं, खाली आम्ल) वर चढवत बसतो. मूठभर खडीवर व्हिनेगर ओतावं. फसफसली तर परत पाठवावी. धुवायला मात्र ती अंत पाहते. घमेलंभर खडी धुतली की राखाडी पाणी, पुन्हा धुतली की राखाडी पाणी, आणि ते पाणी गच्चीच्या पन्हाळीतून ज्यांच्या खिडकीवर पडतं ते नेमके सेक्रेटरी.

आणि मग बेल सायफन. या वस्तूने जेवढी माणसं जेरीला आणली तेवढी माशांनीही आणली नसतील. कल्पना मोठी देखणी आहे. वाफ्याच्या तळाला भोक पाडून त्यात टँक निपल (आटे असलेला न गळणारा जोड) बसवून एक इंची नळी उभी करायची, तिची उंची खडीच्या माथ्यापेक्षा पाच सेंटिमीटर कमी. खडी २८ सेंटिमीटर असेल तर नळी २३. तिच्यावर वरून बंद असलेला अडीच इंची पाइप टोपीसारखा पालथा घालायचा. त्याच्या तळाशी दोन सेंटिमीटरच्या खाचा, वर नळीच्या तोंडापासून टोपीपर्यंत दोन सेंटिमीटर जागा. खडी आत येऊ नये म्हणून बाहेरून भोकांचा चार इंची पाइप. पाणी भरत नळीच्या तोंडापर्यंत आलं की आत ओसंडतं, टोपीतली हवा ओढून नेतं, सायफन सुरू होतो आणि अख्खा वाफा मिनिट-दोन मिनिटांत रिकामा. खाली खाचांतून हवा शिरली की सायफन तुटतो, पुन्हा भरायला सुरुवात. वीज लागत नाही, हलणारा भाग नाही. मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही.

असं पुस्तकात होतं. गच्चीवर पाणी नळीच्या तोंडापर्यंत येतं आणि तिथून कडेकडेने, आवाज न करता, निवांत ओघळत राहतं. जेवढं येतं तेवढं जातं. वाफा काठोकाठ भरलेला, मुळं गुदमरलेली आणि सायफन सुरूच होत नाही. कारण: येणारं पाणी कमी. एका वाफ्याला ताशी अडीचशे लिटर तरी द्यावं, उभ्या नळीच्या तोंडाला दीड इंची ते एक इंची रिड्यूसर फनेलसारखा उलटा बसवावा आणि टाकीच्या बाजूला नळीच्या टोकाला एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावावा. त्यात क्षणभर पाणी अडलं की हवा ओढली जाते. एवढं केल्यावर सायफन सुरू होतो आणि आता थांबतच नाही. येणारं पाणी जास्त झालेलं असतं. आत हवा शिरायला फुरसतच मिळत नाही. मग टोपीला बाहेरून एक बारीक लवचिक नळी जोडायची, तिचं तोंड खाचांच्या उंचीवर ठेवायचं, म्हणजे पातळी उतरल्याबरोबर हवा तिथून आत जाते. बॉल व्हॉल्व्ह केसभर इकडे, केसभर तिकडे करण्यात माणसाच्या सुट्ट्या जातात. सगळं जुळलं की दर दहा-बारा मिनिटांनी जोरात गुडगुड होऊन वाफा रिकामा होतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक विचार करू लागतात की वरच्यांच्या पोटाला झालंय तरी काय.

माझं स्पष्ट मत: सायफन हौसेसाठी करावा, गरजेसाठी नाही. वाफ्यांना वेगळा छोटा पंप, शंभर-दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात न पडता एक बरा टायमर, पंधरा मिनिटं चालू आणि पंचेचाळीस बंद. उभ्या नळीच्या बुडाशी सहा एमएमची दोन भोकं. पंप चालू असताना वाफा भरतो, बंद झाला की भोकांतून रिकामा होतो. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, म्हणून व्हिडिओही नसतात.

सांगाडा उभा राहिला, पाणी फिरू लागलं, की माणूस त्याच संध्याकाळी मासे आणायला निघतो. त्याला दारातच अडवावं. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो माशांनाच विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते झाडांना लागतं. हे बॅक्टेरिया विकत आणून ओतता येतात, पण घर करायला त्यांना खडीवर चार ते सहा आठवडे लागतातच. तोवर टाकीत मासे नकोत, नुसता अमोनिया हवा. कोळंबीची सालं फडक्यात बांधून पाण्यात सोडली तरी चालतं. दीड महिना गच्चीवर एक पंप पाणी फिरवतोय, टाकीत मासा नाही, पाइपात झाड नाही, एका फडक्यात कोळंबीची सालं सडताहेत आणि घरचा कर्ता पुरुष रोज सकाळी परीक्षानळीत थेंब मोजतोय. वास येणार नाही, हे वचन इथे मोडतं. नातेवाईक आले तर गच्चीचं दार लावून घ्यावं.

परीक्षानळीत आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला दोन मिलिग्रॅम) नेला आणि चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की समजावं वस्ती झाली. नळाचं पाणी थेट ओतलं तर त्यातलं क्लोरीन ही वस्ती उठवतं. उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरावं.

मासा कोणता? रोहू, कटला तळ्याचे मासे. पाचशे लिटरमध्ये ते मोठे होत नाहीत, दुःखी होतात. आफ्रिकन मांगूरवर आपल्याकडे बंदी आहे. तिलापिया या कामासाठी जगभर लाडका, पण आपल्याकडे तो पाळायला परवाना लागतो, आधी चौकशी करावी. पंगस वाढतो भराभर, मात्र स्वभावाने इतका घाबरट की टाकीशेजारी कोणी शिंकलं तरी भिंतीवर डोकं आपटून घेतो. खायचे नसतील तर कोई कार्प बरा. सोबत मूठभर गप्पी हवेतच. डासांच्या अळ्या तेच खातात, आणि महापालिकेचे लोक टॉर्च घेऊन पावसाळ्यात गच्चीवर आले की आधी साचलेलं पाणीच बघतात. पाचशे लिटरला पूर्ण वाढलेले पाच-सहा किलो मासे पुरेत. ते वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसाला शंभरेक ग्रॅम खातात. पालेभाजीला दर चौरस मीटरमागे रोजचं ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य हा हिशेब धरतात, तेव्हा शंभर ग्रॅमवर दोन-अडीच चौरस मीटर पाला पोसतो. खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं. उरलेलं तळाशी सडतं आणि अमोनिया पुन्हा वर येतो. मासा नेहमीच उपाशी असल्याचा आव आणतो. त्याच्या तोंडाकडे बघू नये.

पहिली लागवड पालक, आंबट चुका, नाळीची भाजी, अळू, पुदिना यांची. टोमॅटो-मिरचीला पोटॅशियम जास्त लागतं, माशांच्या खाद्यातून ते पुरेसं येत नाही. त्यांना सहा महिन्यांनी बोलवावं. महिन्याभरात पालक डोलू लागतो आणि मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. बोअरच्या जड पाण्यात लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल असं बांधलेलं लोह घालावं, तेही ईडीटीए प्रकारचं नको, कारण पीएच साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही, ईडीडीएचए घ्यावं. सहा टक्क्यांचं असेल तर पाचशे लिटरला सतरा ग्रॅम. पाणी लालभडक होतं. मासे सुखरूप असतात. घाबरते ती गच्चीवर पापड वाळत घालायला आलेली मंडळी.

बॅक्टेरियांच्या कामातून आम्ल तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला आठावर असलेला पीएच काही महिन्यांनी घसरत साडेसहाच्या खाली जातो. ६.८ ते ७.२ मध्ये सगळ्यांचं जमतं. पानाच्या गादीवर मिळणारा चुना बादलीभर पाण्यात कालवून त्याची निवळी थोडी थोडी, दिवसाला दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त चढ होणार नाही अशी घालावी. एकदम ओतली तर अमोनिया असेल तेवढा सगळा जहाल होतो. पीएच जितका वर, अमोनिया तितका घातक.

आणि फवारणी? विसरा. मावा पडला, पांढरी माशी आली, पिठ्या ढेकूण बसला, तरी हात बांधलेले. साबणाचं पाणी माशांचे कल्ले खातं, निंबोळी तेलही त्यांना सोसत नाही, तांब्याचं बुरशीनाशक तर नावालाही नको. पाण्याचा फवारा, पिवळे चिकट सापळे, चिमटीत धरून काढणं, एवढंच. ‘सेंद्रिय’ या शब्दामागे प्रत्यक्षात एक माणूस असतो, तो रोज सकाळी चष्मा लावून पानं उलटी करून बघतो.

याला ग्रीनहाऊस म्हणायची पद्धत आहे. थंड देशात प्लास्टिकच्या घरात ऊब कोंडतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये तेच केलं तर पालक आत शिजूनच मिळेल. उन्हाळ्यात वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट आणि चारी बाजू मोकळ्या. पाइप आणि ड्रम बाहेरून पांढरे रंगवावेत, काळे ठेवले तर पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पावसाळ्यात शेडनेट काढून २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद (उन्हात टिकणारं प्लास्टिक), तोही चांगला उतार देऊन. सपाट ताणला तर मधोमध पाण्याची झोळी होते आणि एका रात्री सांगाडा खाली बसतो. टाकीला ओव्हरफ्लोची नळी आणि तिच्या तोंडाला जाळी हवी. जाळी विसरलात तर मुसळधार पावसात मासे पन्हाळीतून थेट सेक्रेटरींकडे.

विजेचं राहिलं. ती गेली की मनोऱ्यांतलं आणि वाफ्यांतलं सगळं पाणी एकदम टाकीत उतरतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर गच्ची भरते. म्हणून जिना उतरण्याआधी एकदा पंप बंद करून पाणी कुठवर चढतं ते बघावं आणि काठापर्यंत दहा सेंटिमीटर जागा सोडावी. टाकीत बुडबुडे सोडणारा हवेचा छोटा पंप मात्र बंद पडता कामा नये. गच्च भरलेल्या, तापलेल्या टाकीत तास-दोन तासांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. इन्व्हर्टरवर पंप नका लावू, फक्त हवेचा पंप लावा, पाच-दहा वॅटमध्ये रात्र निघते. लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेलेली असावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही.

वाफ्यात लाल गांडुळं सोडली तर गाळ बराचसा तीच संपवतात. टाकी आणि वाफ्यांच्या मध्ये मच्छरदाणीचे बोळे भरलेली वीस लिटरची बादली ठेवली तर पंपही सुखी. ती आठवड्याला धुवावी आणि काळं पाणी जास्वंदीला घालावं. जास्वंदीचं काय होतं ते बघून पुढे पुष्कळ लोक मासे सोडून जास्वंदच लावतात.

गणपतीला गावी जायचं असेल तर मोठे मासे चार-पाच दिवस काही न खाता मजेत राहतात. हे शेजाऱ्यांना पटत नाही. ‘मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं हो?’ असं म्हणून काकू डबाभर खाद्य ओततात, आणि आपण परत येतो तेव्हा पाणी दुधाळ झालेलं असतं. म्हणून खाद्याच्या तीन पुड्या बांधाव्यात, प्रत्येकीत तीस ग्रॅम, वर तारीख. त्या काकूंच्या हातात द्याव्यात आणि डबा कुलपात ठेवावा. किल्ली बरोबर न्यावी.